लांडगा म्हणा की तोळ

आपण मराठीत ज्याला लांडगा म्हणतो, त्याला कानडीत ‘तोळ’ म्हणतात, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लॅटिन भाषेत त्याच प्राण्याला ‘ल्युपस’ म्हणतात. मध्ययुगातल्या युरोपीय वैद्यांना काही रुग्णांच्या चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्याने लचका तोडल्यासारख्या दिसल्या आणि त्यांनी त्या रोगाला लांडग्याचेच नाव देऊन टाकले. शेकडो वर्षे लोटली, रोगाबद्दलचे ज्ञान पार बदलले, नाव मात्र तेच राहिले. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एसएलई’ अशी तीन अक्षरे दिसतात, तो हाच ल्युपस.

नाव तसे थोडे फसवे आहे. लांडगा बाहेरून येतो. आपल्या भागातल्या कुठल्याही धनगराला किंवा कुरुबाला विचारा, तो सांगेल की लांडग्याचा माग काढता येतो, कुत्री भुंकून जागे करतात, काठी घेऊन धावता येते. पण ज्या कुत्र्यांना कळप राखायला ठेवले, तीच मेंढरांवर तुटून पडली तर? काठी कुणावर उगारायची? कुत्री मारून टाकावीत तर उद्या खरा लांडगा आल्यावर कळप वाचवणार कोण? ल्युपसची सगळी अडचण या एका प्रश्नात आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच शरीराला परके समजू लागतात.

मी एम.ए. झालेली, भाषा शिकवणारी बाई. विज्ञानाशी माझा रीतसर संबंध दहावीला संपला. तरी या विषयावर लिहायचे ठरवले, कारण गेल्या काही वर्षांत नात्यातल्या एका मुलीच्या निमित्ताने हा आजार मला जवळून पाहावा लागला, आणि या आजाराइतकाच त्याबद्दलचा गैरसमज माणसाला छळतो हेही पाहावे लागले.

ही मुलगी निपाणीकडची. आई कानडी घरातली, वडील मराठी. लग्न होऊन ती सुरतेला गेली. सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते; पण आजच्या सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत फिरलात तर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमागांवर आणि कापडबाजारात कामासाठी आलेली हजारो मराठी घरे भेटतील. अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी एकाच जिन्यात ऐकू येते. अशाच एका खान्देशी घरात ही मुलगी नांदायला गेली. जावई कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो. माणसे साधी, मायेची.

लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच तिची बोटे दुखू लागली. सकाळी कणीक मळता येईना. केस मूठमूठ गळू लागले, तोंडात फोड आले, संध्याकाळी अंगात कणकण. ‘नवी सून आहे, कामाला कंटाळते’, असे शेजारच्या बायका म्हणाल्या. मग संक्रांत आली. सुरतेत त्या दिवसाला उत्तरायण म्हणतात. 14 जानेवारीला सगळे शहर गच्चीवर असते; गच्चीला तिकडे अगासी म्हणतात. सकाळपासून पतंग, दुपारी उंधियू, दिवसभर ऊन. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर चट्टा उमटला आणि सणसणून ताप भरला. उन्हाने झाले असेल म्हणून मलम लावले. नेमके निदान व्हायला त्यानंतरही वर्षभराच्या वर काळ गेला.

हा चट्टा फुलपाखराने पंख पसरल्यासारखा दिसतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण पुस्तकातली छायाचित्रे बहुधा गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या रंगावर तो लाल न दिसता काळपट किंवा जांभळट दिसतो आणि ‘वांग आली’ म्हणून सोडून दिला जातो. शिवाय प्रत्येक रुग्णाला तो येतोच असेही नाही.

आता कुत्र्यांच्या गोष्टीकडे वळू. सुरतेचेच उदाहरण घेऊ, म्हणजे फरक नीट कळेल. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. शहर सोडून लोकांचे लोंढे निघाले, औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. पुढे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी गटारांपासून कचऱ्यापर्यंत शहराची अशी सफाई मांडली की देशभर सुरतेचे नाव झाले. प्लेगचा शत्रू बाहेरचा होता. त्याला जंतू म्हणून नाव होते, त्याच्यावर प्रतिजैविक होते, त्याच्याविरुद्ध झाडू होता. आजार म्हणजे बाहेरून आलेली घाण, हीच आपल्या मनातली कल्पना आहे. ल्युपस या कल्पनेत बसत नाही. तो संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, बाळाला जवळ घेतल्याने तो लागत नाही. त्याच्यासाठी झाडू उपयोगाचा नाही.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी आणि बी-पेशी अशा दोन मोठ्या जाती आहेत. बी-पेशी प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी तयार करतात; टी-पेशी त्यांना हुकूम देतात, मदत करतात, काही स्वतःच लढतात. पुढे कोणता जंतू येईल हे शरीराला ठाऊक नसते, म्हणून ते असंख्य तऱ्हांच्या पेशी अदमासाने बनवून ठेवते. या अदमासात काही पेशी अशाही निपजतात की ज्या स्वतःच्याच शरीरावर रोख धरतात. त्यांचे काय करायचे?

छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिथे कोवळ्या टी-पेशींची परीक्षा होते. जी पेशी आपल्याच शरीराच्या घटकांना घट्ट पकडते, ती तिथेच नापास होऊन नष्ट होते. बी-पेशींची अशीच चाळणी हाडांतल्या मगजात होते. बरीच वर्षे शास्त्रज्ञ समजत होते की कामाची चाळणी एवढीच. पण कुठल्याही परीक्षेत होते तेच इथेही होते. काही नापास व्हायला हवे होते ते पास होऊन बाहेर पडतात. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही?

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या तिघांना 2025 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल. साकागुचींनी 1995 मध्ये दाखवून दिले की टी-पेशींमध्येच एक वेगळी जात आहे, जी लढत नाही, लढणाऱ्यांना आवरते. तिला नियामक टी-पेशी म्हणतात. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये, जन्मतःच अंगावर खवले येऊन अल्पायुषी ठरणाऱ्या उंदरांच्या एका जातीत बिघडलेले जनुक शोधले. त्याला फॉक्सपी-3 म्हणतात. तेच जनुक बिघडले तर माणसाच्या मुलग्यांमध्येही तसाच भयंकर आजार होतो. पुढे साकागुचींनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली: नियामक पेशी घडवण्याची किल्ली म्हणजे हेच जनुक.

म्हणजे कळपाभोवती नुसती कुत्री नसतात, त्यांना शीळ घालून मागे बोलावणारा धनगरही असतो. जंतू संपला की ‘पुरे’ म्हणणारे कुणीतरी शरीरात असावे लागते. लढण्याचे बळ आणि थांबण्याची समज या दोन्ही गोष्टी मिळून आरोग्य होते.

ल्युपसमध्ये हे कुठे बिघडते? एका जागी नाही, ही खरी गोम आहे. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांचा राडारोडा सफाई करणाऱ्या पेशी निमूट उचलून नेतात. ल्युपसच्या अनेक रुग्णांत ही उचल मंद असते. मेलेल्या पेशींच्या पोटातला डीएनए आणि आरएनए उघड्यावर पडून राहतो. विषाणूच्या पोटातही हीच द्रव्ये असतात. त्यामुळे पहारेकरी पेशी दचकतात. विषाणू आला असे समजून त्या इंटरफेरॉन नावाचा रासायनिक भोंगा वाजवतात. खऱ्या विषाणूच्या वेळी हा भोंगा काही दिवसांत थांबतो. ल्युपसमध्ये तो वाजतच राहतो.

भोंगा ऐकून मदतनीस टी-पेशी धावतात आणि बी-पेशींना चेतवतात. ज्या बी-पेशी एरवी गप्प बसल्या असत्या, त्या आपल्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागतात. ही प्रतिपिंडे आणि राडारोडा यांची जाळी रक्ताबरोबर फिरते आणि मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत, सांध्यांत, कातडीत अडकते. तिथे दाह होतो, आणखी पेशी मरतात, आणखी राडारोडा पडतो, भोंगा आणखी जोरात वाजतो. एकदा हे चक्र सुरू झाले की ते स्वतःच्याच जोरावर फिरते. ‘पुरे’ म्हणणाऱ्या नियामक पेशी या गोंगाटात कमी पडतात. त्यांची संख्या घटते की ताकद, याबद्दल वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष वेगवेगळे आले आहेत. पण तोल त्यांच्या बाजूने राहत नाही एवढे खरे.

आता उत्तरायणाचा उलगडा होईल. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात. तुमच्या-माझ्या बाबतीत त्याने फार तर कातडी काळवंडते. पण जिथे राडारोडा उचलायची सोय अधू आणि भोंगा आधीच सुरू, तिथे दिवसभराचे ऊन म्हणजे पेटत्या चुलीत घातलेले कोरडे शेण. म्हणून गच्चीवरच्या एका दिवसाने गालावर चट्टा आणि अंगात ताप. ‘ऊन बाधले’ असे आपण म्हणतो, ते इथे अगदी अक्षरशः खरे असते.

या संशोधनाचा एक धागा आपल्या मुंबईतून सुरतेला जातो, हे मला वाचताना कळले. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे डॉ. वंदना प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या भारतीय रुग्णांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. बी-पेशीच्या अंगावर एक ब्रेक असतो. पुरेशी प्रतिपिंडे झाली की तो पेशीला थांबवतो. या ब्रेकच्या जनुकात भारतीय रुग्णांमध्ये कोणकोणते फरक आढळतात, याचा त्यांचा अभ्यास 2011 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी असलेले, तेव्हाचे संस्थेचे संचालक डॉ. कांजाक्ष घोष पुढे सुरत रक्तदान केंद्र व संशोधन केंद्रात गेले. ज्या शहराला आपण साड्या आणि हिऱ्यांसाठी ओळखतो, त्या शहराशी या विषयाचे असेही नाते आहे.

बायकांनाच हा आजार का? दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे ऐन शिक्षणाच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या काळात. कारणे अनेक आहेत. एक कारण एक्स गुणसूत्रात सापडते. स्त्रीला अशी दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाला एक. आरएनए ओळखून भोंगा वाजवणारा एक पहारेकरी, टीएलआर-7, याचे जनुक नेमके एक्सवर आहे. स्त्रीच्या पेशींत दोनपैकी एक एक्स बंद ठेवलेले असते, पण हे जनुक कधी कधी त्या बंदीतून निसटते. 2022 मध्ये कॅरोला विन्युएसा आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या एका मुलीच्या याच जनुकात एका अक्षराचा बदल शोधला. तेवढ्या एका बदलाने पहारेकरी अतिसावध झाला होता आणि तिला लहानपणीच ल्युपस झाला होता. बहुसंख्य रुग्णांत असे एकच जनुक दोषी नसते. थोडे जनुकांचे, थोडे संप्रेरकांचे, थोडे ऊन-संसर्गाचे असे सगळे जुळून येते. म्हणून ‘हिच्या माहेरात हा आजार होता का’ हा सासरचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने फारसे काही सांगत नाही. रुग्णाच्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही.

आपल्या मुलीच्या घरीही निदानाआधी असे प्रश्न झालेच. निदानानंतर गोष्ट थोडी सावरली. पण खरा घोटाळा पुढे झाला, आणि तो शब्दाने झाला. ‘प्रतिकारशक्तीचा आजार’ असे डॉक्टरांनी सांगितले. घरच्यांनी ऐकले, ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’. झाले! गावाकडून, शेजारून, नातलगांकडून प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वस्तूंची रीघ लागली. गुळवेलीचा काढा, कसली पावडर, कसल्या गोळ्या. तिच्या आईने निपाणीहून मला फोन केला, “अक्का, एवढं सगळं घेतीय, तरी अंगात ताकद कशी येईना ओ?”

ल्युपसमध्ये शक्ती कमी नसते, ती आवरेनाशी झालेली असते. चेकाळलेल्या कुत्र्यांना आणखी मांस घालण्यात शहाणपण नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांनी कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. ती इजा स्वतःच्याच पेशींनी केलेल्या हल्ल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी असे म्हटले. त्या वादाचा निवाडा करणे माझे काम नाही. पण ज्याच्या शरीरात मुळातच हा तोल बिघडला आहे, त्याने असे काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे तरी दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखे आहे.

दुसरा घोटाळा स्टिरॉइडचा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि 1950 मध्ये सहकाऱ्यांसह नोबेल मिळवले. लवकरच ते औषध ल्युपसलाही देऊ लागले. त्याआधी हा आजार म्हणजे जवळपास मृत्यूचीच चिठ्ठी होती. 1950 च्या दशकातही निदानानंतर चार-पाच वर्षांत निम्मे रुग्ण दगावत. आज योग्य उपचार मिळाल्यास दहांतले नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. या बदलात स्टिरॉइडचा वाटा मोठा. पण त्याची किंमतही मोठी. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

आपल्या मुलीचा चेहरा भाकरीसारखा फुगला. लग्नातल्या फोटोशी ताडून लोक बोलू लागले. तिने कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की शरीर स्वतःचे तसले संप्रेरक बनवणे कमी करते. म्हणून गोळी अचानक सोडणे हे चालत्या गाडीतून उडी मारण्यासारखे असते. महिनाभरात तिचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, तेव्हा गाळण्यांत तीच जाळी अडकलेली सापडली. ल्युपसच्या रुग्णांत हे विरळ नाही. अनेकांच्या मूत्रपिंडांना या ना त्या वेळी झळ पोहोचते आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून लघवीची साधी तपासणी इतकी मोलाची. त्यानंतर बरेच महिने उपचार चालले. आज तिच्या लघवीतले प्रथिन आटोक्यात आहे, स्टिरॉइड अगदी थोडे उरले आहे. सासूबाईंनी स्वतः मशीनवर बसून तिला पूर्ण बाह्यांचे सुती ब्लाउज शिवले. उत्तरायणाला ती आता दिवेलागणीनंतर अगाशीवर जाते. पण ते हुकलेले महिने मूत्रपिंडावर आपला वण ठेवून गेले, हेही लिहायला हवे.

तिसरी गोळी एचसीक्यू. मुळात मलेरियासाठीची. ल्युपसमध्ये ती तो इंटरफेरॉनचा भोंगा मंदावते. जवळपास प्रत्येक रुग्णाला ती दीर्घकाळ घ्यावी लागते. मार्च 2020 मध्ये कोरोनावर हीच गोळी चालते अशी हवा उठली. सरकारने 25 मार्चला तिची निर्यात रोखली, 26 मार्चला चिठ्ठीशिवाय विक्रीवर कडक बंधन घातले. ही गोळी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या, झायडस आणि इप्का, गुजरात-महाराष्ट्रातल्याच. तरीही त्या दिवसांत ल्युपसचे रुग्ण दुकानामागून दुकान फिरत होते. पुढे मोठ्या चाचण्यांत ती कोरोनावर उपयोगी नसल्याचे दिसले. ज्यांना ती खरोखर हवी होती, त्यांच्याच हातून ती घबराटीत निसटली होती.

पुढे काय? जुलै 2024 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या जेह्युक चोई आणि दीपक राव यांच्या गटांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. ल्युपसच्या रुग्णांत बी-पेशींना चेतवणाऱ्या टी-पेशी फार झालेल्या असतात, आणि जखम भरून काढायला मदत करणाऱ्या टी-पेशी कमी. अति इंटरफेरॉनमुळे पेशीतला एक स्विच दबतो, त्यामुळे पेशी चुकीच्या वाटेने जाते. प्रयोगशाळेत तो स्विच पुन्हा चालू केल्यावर त्या पेशी वाट बदलताना दिसल्या. कुत्री न मारता त्यांना पुन्हा शिकवण्याची ही वाट आहे. ती अजून औषधापर्यंत पोहोचलेली नाही.

दुसरी वाट जर्मनीतल्या एर्लांगेनची. तिथे जॉर्ज शेट यांच्या गटाने रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून परत सोडल्या. 2022 मध्ये अशा पाच रुग्णांचा अहवाल आला. पाचही जणांचा आजार शांत झाला आणि नंतर उगवलेल्या नव्या बी-पेशींनी जुनी खोड उचलली नाही. पेशी शिकवण्याचे हे तंत्र भारतातही आले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या नेक्सकार-19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, ल्युपससाठी नाही, हे ध्यानात ठेवावे. कुणी ‘ल्युपस मुळापासून घालवतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर सावध राहावे.

आता थोडे कामाचे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीजवळच्या एका पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. म्हणजे आजार विरळ आहे आणि साध्या दवाखान्यात तो चटकन आठवणार नाही. तरुण बाईला सांधेदुखी, तोंडातले फोड, केसगळती, ताप, उन्हाने उठणारे चट्टे, लघवीला फेस यांतले दोन-तीन त्रास बरोबर आणि वारंवार होत असतील, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. मिरज, कोल्हापूर, हुबळी आपल्याला लांब नाही. एएनए ही तपासणी होकारार्थी आली म्हणजे ल्युपस झालाच असे नव्हे. निरोगी माणसांतही ती कधी कधी तशी येते. एचसीक्यू घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

आणि बाळाचे? निपाणीच्या आईला सर्वांत मोठी चिंता हीच होती. ल्युपस असलेल्या अनेक स्त्रियांना निरोगी मुले होतात. मात्र आजार किमान सहा महिने शांत हवा, काही औषधे आधीच बदलावी लागतात, एचसीक्यू बहुधा चालूच ठेवतात. काही प्रतिपिंडे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, म्हणून ती आधी तपासतात. हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे, आणि ठरवताना त्या मुलीला पुढे बसवायचे. तिच्यामागे दारात उभे राहून नव्हे.

आपण सीमेवरची माणसे. एकाच घरात ‘आपले’ आणि ‘नम्मवरु’ दोन्ही म्हणतो. आपले कोण, परके कोण, हा प्रश्न आपल्याला शिकवावा लागत नाही, आणि तो चुकला की घराचे काय होते हेही आपण पाहिले आहे. आजारी सून थकून दुपारी आडवी झाली तर ती कामचुकार नसते. तिच्या शरीरात अहोरात्र भोंगा वाजत असतो, तो आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. तिचे शरीर तिला परके समजू लागले आहे. निदान घराने तरी तसे समजू नये. गोळी वेळेवर, ऊन टाळून, लघवीची तपासणी नेमाने, आणि कुणी तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर बोलले तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना तिथल्या तिथे गप्प करावे. या शेवटच्या उपचाराला पैसे पडत नाहीत.